पाच हजारांची डिस्क आणि जेल रोडवरचं एक्स्चेंज काउंटर

इंदुरात गेमच्या किमतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पूर्वी पन्नास रुपयांत सीडी मिळायची, आता पाच हजार मोजा." दोन्ही आकडे खरे आहेत, तुलना मात्र फसवी आहे. पन्नास रुपयांची ती डीव्हीडी नकली होती आणि ती चालावी म्हणून पीएस२ (सोनीचा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल, प्लेस्टेशन २) उघडून आत मॉडचिप बसवलेली असायची. त्याच काळात अस्सल डिस्क हजार-दोन हजारांच्या घरात होती, फक्त ती घेणारं गिऱ्हाईक शोधावं लागे. चोरीच्या मालाच्या भावाशी ताडून पाहिलं तर कुठलंही दुकान लुटारूच ठरणार.

तेव्हा भावाचा हिशेब नीट मांडायचा तर अस्सल मालाचा अस्सल मालाशी मांडायला हवा, आणि इंदुरात तो मांडायची जागा म्हणजे जेल रोड आणि आसपासच्या गल्ल्यांतली गेमची छोटी काउंटरं. तिथे पीएस४ आणि पीएस५ च्या डिस्क नव्या मिळतात, वापरलेल्या मिळतात, आणि आपली जुनी डिस्क देऊन वरचा फरक भरला की दुसरी नेता येते. परीक्षण या सेवेचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही. माल आणि अटी सगळीकडे साधारण सारख्याच. फरक पडतो तो कोण किती तपासू देतं आणि परतीचं कागदावर लिहून देतं का, यात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ४,९९९ रुपये हा भाव डिस्कसाठी वाजवी आहे, त्याच गेमच्या डाउनलोडसाठी नाही. आणि डिस्कसाठी तो वाजवी ठरतो तो बऱ्याच अंशी या काउंटरांमुळे.

आता जुने भाव. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुपर निन्टेन्डो आणि निन्टेन्डो ६४ ची कार्ट्रिज ५० ते ७० डॉलरला विकली जात. १९९५ मध्ये 'क्रोनो ट्रिगर' तर ८० डॉलरच्या घरात होता. तो भाव उगाच नव्हता. प्रत्येक कार्ट्रिजमध्ये गेम साठवणारी रॉम चिप असायची, गेम मोठा म्हणजे चिप मोठी आणि महाग. खेळ सेव्ह करायचा तर सोबत बॅटरी. शिवाय कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यावी लागत, त्यामुळे किती खपतील याचा अंदाज चुकला की प्रकाशकाचे पैसे गोदामात पडून राहत. सोनीने पहिल्या प्लेस्टेशनला सीडी वापरली आणि छपाईचा खर्च एकदम कोसळला. गेम ४०-५० डॉलरवर आले. पुढे २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलबरोबर ६० डॉलर, २०२० मध्ये ७० डॉलर, आणि जून २०२५ मध्ये निन्टेन्डोच्या 'मारिओ कार्ट वर्ल्ड'ला ८० डॉलर. मायक्रोसॉफ्टनेही 'द आउटर वर्ल्ड्स २'ला ८० लावले होते, पण जुलै २०२५ मध्ये ते मागे घेऊन पुन्हा ७० वर आणले. गिऱ्हाइकाची सहनशक्ती कुठे संपते ते त्यांना तिथे कळलं.

महागाई धरली तर १९९० चे ५० डॉलर म्हणजे २०२४ चे सुमारे १२०, आणि २००५ चे ६० म्हणजे सुमारे ९६. म्हणजे गेम प्रत्यक्षात स्वस्त झालेत. तिकडे खर्च मात्र उलट दिशेने गेला. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यात सोनीने दिलेले कागद मार्करने नीट झाकले गेले नाहीत आणि आकडे बाहेर आले: 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' सुमारे २२ कोटी डॉलर, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' २१ कोटी २० लाख डॉलर. हा खर्च निघतो तो गिऱ्हाइकांची संख्या कैक पटींनी वाढल्यामुळे, आणि डिलक्स आवृत्त्या, सीझन पास (पुढे येणाऱ्या भागांची आगाऊ विक्री), खेळातल्या खेळात विकायच्या वस्तू यांतून. बॉक्सवरचा भाव थोपवून धरला आणि आतल्या दुकानाचे दरवाजे उघडले, असा हा मामला.

भारतातला हिशेब तर आणखी बोलका आहे. २०१८ मध्ये 'गॉड ऑफ वॉर' ३,९९९ रुपयांना आला. २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' पण ३,९९९ लाच. त्याच वर्षी पीएस५ साठी सोनीने ४,९९९ चा आकडा ठरवला. 'डीमन्स सोल्स' त्या भावात आला. हजाराची उडी मोठी वाटली आणि आरडाओरडाही झाला. पण ग्राहक किंमत निर्देशांकाने पाहिलं तर २०१८ चे ३,९९९ म्हणजे २०२४ चे साडेपाच हजारांच्या आसपास. ४,९९९ त्याच्या खालीच आहेत. यातले सुमारे ७६३ रुपये १८ टक्के जीएसटीचे. मूळ किंमत ४,२३६. अमेरिकेतले ७० डॉलर कराशिवाय असतात आणि डॉलरला ८५ रुपये धरले तरी त्यांचे ५,९५० रुपये होतात. म्हणजे इंदूरचं गिऱ्हाईक कर भरूनही तिकडच्या गिऱ्हाइकापेक्षा कमी मोजतं.

हे सगळं खरं असलं तरी रामबागेतल्या किंवा सुदामा नगरातल्या घरात या युक्तिवादाचा काही उपयोग होत नाही, आणि ते योग्यच आहे. पंचवीस हजार पगाराच्या घरात एक डिस्क म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा. डॉलरचा आणि निर्देशांकाचा हिशेब दाखवून तो हिस्सा लहान होत नाही. तो लहान होतो फक्त एका गोष्टीने: खेळून झाल्यावर डिस्कचे किती पैसे परत येतात.

काउंटर इथे कामाला येतं. समजा, नवी डिस्क ४,९९९ ला घेतली. तीन-चार आठवड्यांत कथा संपली आणि एक्स्चेंजमध्ये तिचे ३,००० धरले गेले. गेम पडला १,९९९ ला. तीस तासांचा गेम असेल तर तासाला ६७ रुपये. हे कुठल्याही गेमिंग पार्लरच्या तासाच्या भाड्याशी ताडून पाहा. तीच डिस्क वापरलेली ३,६०० ला उचलली आणि महिन्याने २,६०० ला परत दिली तर गेम हजारात झाला. उलट, डिस्क वर्षभर कपाटात ठेवली, मध्ये प्लेस्टेशन स्टोअरवर, म्हणजे सोनीच्या ऑनलाइन दुकानात, तो गेम निम्म्या भावात आला आणि मग काउंटरवर गेलात, तर बाराशे-पंधराशेचं बोलणं ऐकावं लागेल. डिस्क तीच, चरा एकही नाही. तिच्या भावावर खेळणाऱ्याच्या हातापेक्षा कॅलेंडरचा परिणाम जास्त होतो.

काउंटरवर नेहमी दोन भाव सांगितले जातात, एक रोखीचा आणि एक बदलीचा. "कॅश में इतना, एक्स्चेंज में दो-तीन सौ ज़्यादा." बदलीचा भाव चढा असतो कारण तुम्ही नेणार त्या डिस्कवरही दुकानदाराचं मार्जिन असतं. म्हणून बदलीचा आकडा ऐकून लगेच खूश होऊ नका. आधी तुम्हाला हवी असलेली डिस्क 'नुसती घ्यायची तर कितीला' ते विचारा, मग आपली डिस्क बाहेर काढा. क्रम उलटा झाला की समोरच्या डिस्कचा भाव दोनशेने चढलेला दिसेल आणि तो चढलाय हे कळणारही नाही. नव्या सीलबंद डिस्कसाठी छापील किमतीवर थांबायचं कारण नाही. ऑनलाइनचा त्या दिवसाचा भाव मोबाइलवर दाखवला की बहुतेक ठिकाणी तिथपर्यंत खाली येतात.

आता तपासणी. इथे लोक फार चुकतात, कारण त्यांना डीव्हीडीची सवय आहे. डीव्हीडीमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलीमीटर खोल असतो. वरचं प्लॅस्टिक घासून चरा काढता येतो, म्हणून पीएस२ आणि एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क मशीनवर बफ करून पुन्हा चालायच्या. पीएस३ पासून पुढे प्लेस्टेशनच्या डिस्क ब्लू-रे आहेत. त्यात माहितीचा थर फक्त ०.१ मिलीमीटर खाली असतो आणि वर कडक लेप. लेपामुळे बारीकसारीक चरे पडतच नाहीत; पण लेप भेदून गेलेला चरा थेट माहितीपर्यंत पोचतो आणि घासायला वर काही उरत नाही. "बफ करून देतो" असं पीएस४ किंवा पीएस५ च्या डिस्कबद्दल कोणी म्हणालं तर ती डिस्क तिथेच ठेवा. टूथपेस्टचा उपाय तर घरीही करू नका.

मोबाइलचा टॉर्च लावून डिस्क तिरकी धरा आणि सावकाश फिरवा. मध्यापासून कडेकडे सरळ गेलेला बारीक चरा फारसा त्रास देत नाही, कारण माहिती गोलाकार वाटेने लिहिलेली असते; वाचणारा किरण तो चरा क्षणात ओलांडतो आणि चुकलेली माहिती डिस्कमधल्या दुरुस्तीच्या संकेतांवरून भरून काढली जाते. वाटेच्या दिशेने, कमानीसारखा गेलेला चरा वाईट. तिथे सलग माहिती बुडते. मधल्या भोकाभोवतीची पारदर्शक कडी बोटाने चाचपा. डबीतून जोर लावून काढताना तिथे तडा जातो आणि ड्राइव्हमध्ये वेगाने फिरताना तो वाढतो. मग डिस्क काचेवर किंवा सपाट टेबलावर ठेवून वाकली आहे का पाहा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली डिस्क चऱ्याशिवायही बाद होते.

यानंतर दुकानातल्या कन्सोलमध्ये घालून पाहायचं. गेमचं चित्र स्क्रीनवर आलं म्हणजे डिस्क ठीक, असं समजू नका. पीएस४ आणि पीएस५ गेम डिस्कवरून चालवत नाहीत. आधी सगळं आतल्या ड्राइव्हवर उतरवून घेतात आणि पुढे डिस्क फक्त किल्लीचं काम करते. खराब डिस्क नेमकी उतरवताना मध्येच अडकते, कधी ६० टक्क्यांवर, कधी ९० वर. पीएस५ च्या डिस्कची क्षमता १०० जीबीपर्यंत असते, त्यामुळे पूर्ण उतरेपर्यंत गर्दीच्या वेळी काउंटरवर कोणी थांबू देणार नाही. म्हणून बिलावर 'इन्स्टॉल न झाल्यास ४८ तासांत परत' एवढं लिहून घ्या. जो लिहून देतो तो काउंटर चांगला, मग त्याचा भाव शंभर रुपये जास्त का असेना. हे तोंडी असेल तर धरू नका. घरी गेल्यावर त्याच रात्री पूर्ण इन्स्टॉल करून पाहा, आणि पाहताना नेट बंद ठेवा, म्हणजे डिस्कवरून काय उतरलं आणि नेटवरून काय, यात घोळ होणार नाही.

दोन डिस्कचे गेम ही वेगळीच भानगड आहे. पीएस४ वर 'रेड डेड रिडेम्प्शन २', 'द लास्ट ऑफ अस पार्ट २', 'फायनल फँटसी ७ रीमेक', 'होरायझन फॉरबिडन वेस्ट', 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' हे सगळे दोन डिस्कवर आहेत: एक डेटा डिस्क, एक प्ले डिस्क. एकदा उतरवून झालं की फक्त प्ले डिस्क लागते, त्यामुळे डेटा डिस्क बाजूला पडते आणि विकताना डबीत नसते. विकणाऱ्याला हे अनेकदा माहीतच नसतं, त्याच्याकडे तर गेम चालत असतो. तुमच्याकडे इन्स्टॉलच होणार नाही. डबीतल्या दोन्ही खोबणी भरलेल्या आहेत का, आणि दोन्ही डिस्क एकाच गेमच्या आहेत का, हे उघडून पाहा.

मग कव्हर. वयाची खूण आकड्यात असेल, ३, ७, १२, १६, १८, तर ती युरोपीय पेगी आवृत्ती. इंग्रजी अक्षरात असेल तर अमेरिकेची. गेम दोन्ही चालतात, पीएस४ आणि पीएस५ ला डिस्कची प्रांतबंदी नाही. अडचण पुढे येते. नंतर विकत घेतलेली डीएलसी, म्हणजे गेमचे जादा भाग, तुमच्या खात्याच्या स्टोअरची असते, आणि ती डिस्कच्या प्रांताशी जुळली नाही तर मूळ गेम ती ओळखतच नाही. कुणाचा काका अमेरिकेहून डिस्क घेऊन येतो आणि भारतीय खात्यावर घेतलेलं एक्स्पान्शन चालत नाही, ते यामुळे. नुसती मूळ कथा खेळायची असेल तर अमेरिकन डिस्क बिनधास्त घ्या, बहुतेकदा थोडी स्वस्तही मिळते.

डबीतल्या कागदावरचे कोड वापरलेल्या डिस्कमध्ये मेलेलेच समजा. एक कोड एकदाच चालतो. 'डिलक्स आवृत्ती' म्हणून वापरलेल्या डिस्कचे जास्त पैसे देणं म्हणजे स्टीलच्या डबीचे पैसे देणं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१० च्या सुमारास हाच खेळ उघड केला होता: नव्या डिस्कमध्ये नेटवर खेळायचा ऑनलाइन पास, वापरलेली घेणाऱ्याने तो वेगळा विकत घ्यायचा. टीका झाली, २०१३ मध्ये बंद केला. वापरलेल्या डिस्कवर प्रकाशकांचा राग तेव्हापासूनचा आहे, नंतर तो दुसऱ्या वाटांनी निघाला.

त्या वाटा अशा. 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २'ची २०२२ ची पीएस५ डिस्क घ्या: तिच्यावर जेमतेम ७० एमबी आहे, बाकीचा सगळा गेम नेटवरून उतरवायचा. 'ॲलन वेक २' २०२३ मध्ये आला तेव्हा डिस्क नव्हतीच. ती वर्षभराने आली. युबिसॉफ्टने 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, आणि एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्यामुळे कपाटातली डिस्क ताटलीइतकीच उपयोगाची राहिली. स्वस्तात 'द क्रू' दिसला आणि उचलला, असं करू नका. कुठल्याही ऑनलाइन गेमची वापरलेली डिस्क घेण्याआधी सर्व्हर चालू आहेत का ते दोन मिनिटांत शोधता येतं. निन्टेन्डोने आपल्या स्विच २ या कन्सोलसाठी गेम-की कार्ड काढलं आहे: कार्डावर गेम नसतो, नुसती किल्ली असते, पण ते निदान परत विकता येतं. आमच्या मते डाउनलोडच्या जमान्यात हा त्यातल्या त्यात प्रामाणिक तोडगा आहे, लोक त्याला कितीही नावं ठेवोत.

आणि आता तेच ४,९९९ डाउनलोडसाठी. छपाई नाही, डबी नाही, वाहतूक नाही, दुकानदाराचं कमिशन नाही, तरी भाव तोच. वर परत विकता येत नाही, भावाला देता येत नाही, आणि प्लेस्टेशन स्टोअरवर परतावा मिळतो तो १४ दिवसांत आणि डाउनलोड सुरू केलेलं नसेल तरच. म्हणजे गेम उघडून आवडला नाही म्हणून परत, हे जवळजवळ अशक्य. पीसीवर स्टीम हे ऑनलाइन दुकान निदान दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर १४ दिवसांत पैसे परत देतं. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे की दुकानाने सांगावं, हा परवाना आहे, मालकी नाही. आपल्याकडे हे कोणी सांगत नाही, आपणच धरून चालायचं. स्टोअरवरून घ्यायचंच तर पूर्ण भावात कधीच घेऊ नका. गेम विशलिस्टला टाका आणि सेलची वाट पाहा. वर्षभर जुना मोठा गेम निम्म्यावर येणं नेहमीचं आहे. निम्म्या भावात डाउनलोड आणि परत विकलेली डिस्क, दोन्ही साधारण एकाच ठिकाणी येऊन पोचतात.

कन्सोल घेताना हाच हिशेब कामाला येतो. पीएस५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल (डिस्क ड्राइव्ह नसलेला) ४४,९९०. तेव्हाच्या भावाने दहा हजारांनी स्वस्त म्हणून डिजिटल आणायचा मोह व्हायचा. एका डिस्कवर सरासरी २,५०० परत येत असतील तर चार गेममध्ये तो फरक भरून निघतो. वर्षाला एकच गेम, तोही सेलमध्ये घेणाऱ्या घराला डिजिटल पुरेसा. बाकी सगळ्यांनी डिस्कवाला. स्लिमचा ड्राइव्ह काढता-जोडता येतो, त्यामुळे डिजिटलला नंतरही लावता येईल. पहिल्यांदा जोडताना नेट लागतं एवढं लक्षात ठेवा. पीएस५ डिस्कवाल्यात पीएस४ च्या डिस्कही चालतात, आणि काही गेमना पीएस४ डिस्कवरून पीएस५ आवृत्ती फुकट मिळते. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' आला तेव्हा पीएस४ डिस्क ३,९९९, पीएस५ डिस्क ४,९९९, आणि पहिलीवरून दुसरीची आवृत्ती मोफत. तरी पीएस५ चीच डिस्क मागणारे कमी नव्हते. असं अपग्रेड घेतल्यावर खेळताना पीएस४ ची डिस्क आतच लागते, ती विकून चालत नाही.

प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या वर्गणीच्या सेवेबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये नव्या रूपात आलं तेव्हा तिच्या 'एक्स्ट्रा' या मधल्या पातळीचं वर्षाचं शुल्क ४,९९९ होतं, म्हणजे बरोबर एका गेमच्या किमतीत वर्षभर शेकडो गेम. सप्टेंबर २०२३ मध्ये ते ६,६९९ झालं. एका फटक्यात ३४ टक्के. गेमच्या डिस्कचा भाव इतक्या वेगाने कधी चढला नाही, आणि त्यावर ओरड निम्मीही झाली नाही. तरीही वर्षाला तीन-चार मोठे जुने गेम खेळणाऱ्याला एक्स्ट्रा परवडतं. फक्त वर्गणी थांबली की गेमला कुलूप, हे घरच्यांना आधी सांगा.

काउंटरवर आणखी एक माल मिळतो आणि त्याबद्दल आम्ही गुण कापतो. "डिजिटल गेम आठशेत टाकून देतो" ही ती सेवा. दुकानदार आपल्या खात्यावर गेम विकत घेतो, ते खातं तुमच्या कन्सोलवर चढवतो आणि कन्सोल शेअरिंग चालू करतो, म्हणजे तुमच्या खात्यावरूनही तो गेम चालतो. एका खात्याचं शेअरिंग एका वेळी एकाच पीएस५ वर चालू राहतं. महिन्या-दोन महिन्यांनी तो तेच खातं दुसऱ्याला विकतो, तिकडे शेअरिंग चालू होतं आणि तुमच्या गेमवर कुलपाचं चिन्ह येतं. फोन केला तर "फिर से लॉगिन कर दूँगा". हे सोनीच्या नियमांविरुद्ध आहे, बिल मिळत नाही, आणि खातं बंद झालं तर दाद मागायला जागा नाही. वापरलेला पीएस४ घेताना जेलब्रेक केलेला (आतलं कुलूप तोडून नकली गेम चालवणारा) आहे का, हेही विचारा. हार्ड डिस्कमध्ये तीस गेम 'फ्री' भरलेले असतील तर तो तसाच आहे समजा. त्यावर अधिकृत अपडेट आणि ऑनलाइन खेळणं विसरा.

स्विच घेणाऱ्यांसाठी: निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही, इंदुरात दिसतो तो सगळा बाहेरून आलेला माल. वॉरंटी दुकानदाराच्या शब्दाची. पण निन्टेन्डोचे गेम वर्षानुवर्षं उतरत नाहीत, त्यामुळे वापरलेलं कार्ट्रिजही चांगल्या भावात परत जातं. पीसीवाल्यांना या काउंटरचा उपयोग शून्य. बॉक्समध्ये डिस्क असली तरी गेम खात्याला बांधला जातो.

एवढं सगळं धरून काउंटरांना दहापैकी सात. दोन गुण त्या खात्यांच्या धंद्यासाठी कापले, एक तोंडी हमीसाठी.

राहिला विकण्याचा मुहूर्त. फुटबॉलचा वार्षिक गेम सप्टेंबरात नवा येतो. जुना जूनमध्ये विकला तर काहीतरी हाती लागतं, ऑगस्टअखेरीला काउंटरवाला हात लावत नाही. कुस्तीचा नवा गेम मार्चच्या सुमारास येतो, तो जानेवारीतच काढा. कथेचे गेम पहिल्या सहा आठवड्यांत परत करा. प्लेस्टेशन प्लसची नवी यादी दर महिन्याला जाहीर होते. तुमच्याकडची डिस्क त्यात आली की दुसऱ्या दिवशी तिचा भाव पडलेला असतो. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' जानेवारी २०२५ मध्ये एक्स्ट्रामध्ये आला, तेव्हा डिस्क घरात ठेवून बसलेल्यांची अशीच पंचाईत झाली. काउंटरवर जायचं ते आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी. जेल रोडवर संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही आणि टॉर्च लावून डिस्क फिरवत उभं राहायला तर अजिबातच नाही. डबी, आतला कागद आणि दोन्ही डिस्क सोबत न्या. नुसती डिस्क पाकिटात घालून नेली तर दोन-तीनशे तिथेच कापले जातात.